अकरा महिने वापरलेलं मधुमेहींच्या पाककृतींचं अ‍ॅप: एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?

परवा सबस्क्रिप्शन संपत आल्याचा मेसेज आला. पुढच्या वर्षाचे पैसे आपोआप कापले जातील, नको असेल तर आधी बंद करा, असं त्यात खाली बारीक अक्षरांत होतं. म्हणून अकरा महिन्यांचा हिशोब आत्ताच मांडते. पैसे एकदा गेले की लिहायचं राहूनच जातं.

अ‍ॅपमध्ये काय काय आहे ते वापरणाऱ्यांना माहीत आहे. शोध, आठवड्याचा बेत, सामानाची यादी, प्रत्येक पदार्थाखाली पोषणाचा चौकोन. ते सगळं नीट चालतं, त्याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार वाटीबद्दल आहे.

आमच्याकडची परिस्थिती थोडक्यात सांगते. बाबांना चौदा वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. गेल्या वर्षी ते माझ्याकडे राहायला आले तेव्हा एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, ८.६ होतं. आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांना एका जेवणाला ४५ ते ६० ग्रॅम कर्बोदकं ठरवून दिली. मी आणि नवरा दोघंही नोकरीला. त्यामुळे चार-पाच जिन्नसांत, अर्ध्या तासात होणारं, तयार पावडरी आणि पाकिटं न लागणारं काहीतरी हवं होतं. अ‍ॅपची जाहिरात नेमकी तीच: नैसर्गिक, सोपं, मधुमेहींसाठी. वर्षाचे पैसे एकरकमी भरून टाकले.

पहिल्याच आठवड्यात डाळ आणि भाज्यांचं दाटसर सूप केलं. छान झालं. कृतीच्या शेवटी लिहिलं होतं, "एक वाटी भातासोबत द्या." आमच्या घरात चार मापांच्या वाट्या आहेत. बाबांनी चारही ओट्यावर मांडल्या आणि विचारलं, "यातली कुठली?"

रात्री भांडी आवरल्यावर उरलेला भात मी एकेका वाटीत भरून वजनकाट्यावर ठेवला. सगळ्यात लहान वाटी सपाट भरली तर ९० ग्रॅम. सगळ्यात मोठी शिगोशीग भरली तर २१० ग्रॅम. शिजलेल्या पांढऱ्या भाताच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे एका वाटीत २५ ग्रॅम आणि दुसरीत ५९. पहिलीत बाबांच्या जेवणाचं निम्मं माप, दुसरीत एकट्या भातानेच माप भरलं, आणि डाळ अजून वाढायचीच होती. पोषणाच्या चौकोनात मात्र दोन्हींसाठी एकच आकडा.

मी ग्राहकसेवेला लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं की वाटी म्हणजे घरातली नेहमीची वाटी. मी चारही वाट्यांचे फोटो काट्यावरच्या आकड्यांसकट पाठवले. त्यावर उत्तर आलं की आम्ही वैद्यकीय सल्ला देत नाही, कृपया आपल्या डॉक्टरांशी बोला. मी सल्ला मागितलाच नव्हता, वजन मागितलं होतं. तिसऱ्या वेळी लिहिलं तेव्हा एकोणीस दिवसांनी "आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद" एवढंच आलं. पैसे घेऊन चालवलेल्या सेवेत, तेही मधुमेही माणसाच्या ताटाबद्दल, हे उत्तर मला अजिबात चालत नाही.

पदार्थांपुढच्या हिरव्या ठिपक्याचंही तेच. हा ठिपका ग्लायसेमिक इंडेक्सवरून येतो, म्हणजे पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते ते सांगणाऱ्या आकड्यावरून. टोरंटो विद्यापीठात डेव्हिड जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली. ग्लुकोज १०० धरायचं, ५५ किंवा त्याखाली आलेला पदार्थ कमी इंडेक्सचा, ७० किंवा वर गेलेला जास्तीचा. पण हा आकडा काढताना साधारणपणे प्रत्येक पदार्थ ५० ग्रॅम कर्बोदकं मिळतील इतका खायला देतात. तुम्ही ताटात किती वाढून घेतलंत याच्याशी त्या ठिपक्याचा संबंध नाही. हिरवा ठिपका बघून दुप्पट वाढून घेतलं की साखर चढणारच. ठिपक्यासोबत ग्रॅम हवेतच.

तिसऱ्या महिन्यात मी एक गोष्ट चुकीची केली, ती इथे मान्य करते. कोबी आणि अंड्याच्या एका साध्या पदार्थाला मी एक तारा दिला होता, कारण जेवणानंतर दोन तासांनी बाबांची साखर २११ आली. त्या पदार्थात कर्बोदकं जवळजवळ नाहीतच, मग २११ कशी? रागाच्या भरात ग्राहकसेवेलाही लिहिलं. मग टेबलावर संत्र्याची सालं दिसली. शेजारणीच्या मुलाला बाबांनी संत्रं सोलून दिलं होतं आणि हात न धुता तसंच बोट टोचलं होतं. साबणाने हात धुऊन, कोरडे करून दुसरी पट्टी लावली. १३८. फळाची साखर बोटाला राहिली की ग्लुकोमीटर तीही मोजतो. एक पट्टी वाया गेली, पण तेव्हापासून आमच्याकडे मीटरच्या डबीवर "आधी हात" अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे. तो तारा मी बदलला आणि पाच केले. कोबी-अंड्याचा तो पदार्थ आता आठवड्यातून एकदा होतोच.

"नैसर्गिक गोड" या विभागाबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही, बदलणारही नाही. त्यात खजूर-ओट्सचे गोळे आहेत. फोटो सुरेख, खाली मोठ्या अक्षरांत "साखर: ०". बाबांनी कित्येक महिन्यांत गोड खाल्लं नव्हतं, म्हणून हौसेने केले. त्यांनी तीन खाल्ले. खाताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते बघून मलाही बरं वाटलं. दोन तासांनी हात धुऊन साखर पाहिली. २४८.

मग कागद घेऊन बसले. बारा गोळ्यांना २०० ग्रॅम खजूर, १५० ग्रॅम ओट्स, तीन मोठे चमचे मध. खजुराची कर्बोदकं सुमारे १५० ग्रॅम, ओट्सची जवळपास १००, मधाची ५१. एकूण ३००. एका गोळ्यात २५, तीन गोळ्यांत ७५. चहासोबतच्या खाण्यात बाबांच्या एका जेवणापेक्षा जास्त कर्बोदकं गेली, आणि वर लिहिलेलं शून्य. मधाचं तर असं आहे की एक मोठा चमचा मध सुमारे २१ ग्रॅम भरतो आणि त्यात १७ ग्रॅम कर्बोदकं असतात. तोच चमचा साखरेने सपाट भरला तर १२-१३ ग्रॅम. चमच्याला चमचा बदलला तर मध साखरेपेक्षा जास्तच पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मध, पाक आणि फळांचे रस यांतली साखर नेहमीच्या साखरेच्याच रांगेत धरली आहे. मग अ‍ॅपने मधाला शून्य कुठून दिला? "नैसर्गिक" या शब्दावर विश्वास ठेवून मी वडिलांना ते खाऊ घातलं, याचं मला फार वाईट वाटतं. हा विभाग काढून टाका किंवा शून्य काढून टाका, असं मी लिहून कळवलं. अजून दोन्ही जागेवर आहेत.

आता जे मनापासून आवडलं तेही सांगते. "पाच जिन्नस" हा फिल्टर. अख्ख्या अ‍ॅपमध्ये एवढं एकच लावून शोधलं तरी वर्ष निघेल. घेवड्याच्या सुक्या दाण्यांचा टोमॅटो-लसणातला रस्सा आम्हाला यातूनच मिळाला. दाणे रात्रभर भिजवायचे, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात खळखळ उकळून मऊ शिजवायचे, मग लसूण, टोमॅटो, मीठ आणि थोडं तेल. तेलाखेरीज पाचवं काही नाही. (लाल राजमा असेल तर किमान दहा मिनिटं जोरात उकळी यायलाच हवी, कच्चट राहिला तर पोट बिघडतं. अ‍ॅपमध्ये हे लिहिलेलं नाही, लिहायला हवं.) आधी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, मग रस्सा, भात शेवटी, या क्रमाने जेवलं तर बाबांची दोन तासांनंतरची साखर त्याच भाताला कमी येते, हे आम्ही वहीत लिहून ठेवून पाहिलं आहे. एकदम भात कालवून खाल्ला त्या दिवशी १८९, क्रमाने खाल्ला त्या दिवशी १५४. भात दोन्ही दिवशी १२० ग्रॅम. भाज्या आणि प्रथिनं आधी खाण्याचा हा सल्ला अ‍ॅपच्या एका कोपऱ्यात होता. तो खरं तर पहिल्या पानावर हवा.

सहाव्या महिन्यात अपडेट आलं आणि काही पदार्थांना ग्रॅम दिसायला लागले. मला खरंच आनंद झाला, बाबांना हाक मारून दाखवलं. मग नीट पाहिलं. "डाळ १०० ग्रॅम." कच्ची की शिजलेली? कच्च्या मसूर डाळीच्या १०० ग्रॅममध्ये ६० च्या आसपास कर्बोदकं असतात, शिजल्यावर पाणी धरून तेच १०० ग्रॅम २० वर येतात. तिपटीचा फरक. म्हणजे वाटी गेली आणि तिच्या जागी आणखी एक वाटीच आली.

यावर मी इतकं का अडून बसले आहे त्याचं कारण सांगते. सातव्या महिन्यात एका रात्री मी अशीच एक "हलकी" पाककृती केली. लहान वाटी घेतली, भात वगळला, वर डाळ शिजलेली धरून मोजली. बाबांची गोळी मात्र नेहमीचीच होती, ग्लिमेपिराइड. ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, जेवण कमी झालं तरी तिचं काम चालूच राहतं. अकराच्या सुमाराला बाबांनी हाक मारली. कपाळ घामाने ओलं, हात थरथरत होते, बोलणं तुटक. मीटरवर ६१. सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरली. चार छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, साधारण १५-१६ ग्रॅम. पंधरा मिनिटं मी त्यांचा हात धरून घड्याळाकडे बघत बसले. मग ८४. त्यानंतर थोडा भात खायला दिला आणि रात्रभर दर दोन तासांनी उठून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळीचा डोस निम्मा केला आणि मला स्पष्ट सांगितलं की आहारात कर्बोदकं कमी करायची असतील तर आधी कळवायचं. चूक माझीही होती, मी विचारायला हवं होतं. पण वय, वजन, उंची, आवडीनिवडी सगळं विचारणारं हे अ‍ॅप कुठली गोळी चालू आहे किंवा इन्सुलिन घेता का, एवढं एकदाही विचारत नाही. एक ओळीची सूचनासुद्धा नाही. जे नवीन घेणार असतील त्यांनी गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि मगच "कमी कार्ब" विभाग उघडा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळी-प्रथिनं वाढवण्याआधीही विचारा.

त्या रात्रीनंतर बाबांनी वजनकाटा स्वतःकडे घेतला. आता जेवायच्या आधी ते चष्मा लावतात, ताटली काट्यावर ठेवतात, आकडा शून्य करतात आणि भात चमच्या-चमच्याने घालत जातात. आकडा थांबेपर्यंत थांबतात. परवा ११४ वर आला तेव्हा मला म्हणाले, "अजून एक चमचा बसतो गं." तो चमचा घातला, १२१ झालं, तर त्यांनी त्यातले काही दाणे परत काढले. मी म्हटलं, "बाबा, एका ग्रॅमने काही होत नाही." म्हणाले, "मला माहीत आहे. पण आकडा माझा आहे."

गेल्या महिन्यात एचबीएवनसी ७.२ आलं. ते अ‍ॅपमुळे आलं असं मी म्हणणार नाही. रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटं चालणं सुरू झालं, औषधं बदलली, काटा आला. पण घेवड्याचा रस्सा, कोबी-अंडं, शिजवून गार केलेल्या बटाट्याची दह्यातली कोशिंबीर, लिंबू लावून भाजलेला मासा, हे सगळं अ‍ॅपनेच दिलं, आणि ते नसतं तर रोज काय करायचं या विचारातच माझी संध्याकाळ गेली असती. हे श्रेय त्यांचं आहे. तारे मी तीन देते. आधी दोन लिहिले होते, हा परिच्छेद लिहिताना बदलले.

नूतनीकरण मी बंद केलं आहे. आमच्या उपयोगाच्या तेवीस पाककृती बाबांनी वहीत उतरवून घेतल्या, प्रत्येक जिन्नसापुढे कच्चं वजन आणि शिजलेलं वजन असे दोन रकाने आखून. पहिल्या पानावर चारही वाट्यांची चित्रं काढली आहेत, आणि प्रत्येकीत सपाट भरून किती ग्रॅम भात बसतो ते खाली लिहिलं आहे. ते पान मी फोटो काढून ग्राहकसेवेला पाठवलं. कच्चं-शिजलेलं वजन प्रत्येक पाककृतीत दिलंत आणि मधापुढचं शून्य काढलंत तर पुढच्या वर्षाचे पूर्ण पैसे त्याच दिवशी भरीन, असंही लिहिलं. उत्तर अजून यायचं आहे.