हर्पिसची रक्ततपासणी: आयजीएमवर पैसे घालवू नका

हर्पिस म्हणजे ओठावर किंवा गुप्तांगावर फोड आणणारी विषाणूची लागण. कोल्हापुरात राजारामपुरी असो की शाहूपुरी, लॅबमध्ये तिची रक्ततपासणी सहज होते. रक्त न्यायला माणूस घरी येतो, रिपोर्ट मोबाइलवर येतो, कुणाला कळत नाही. सोयीला पाचपैकी पाच. अचूकतेला दोन, तेही नीट मागून घेतली तर.

नुसतं 'हर्पिस टेस्ट' म्हटलं की बऱ्याचदा हातात पडतं ते 'एचएसव्ही १+२ आयजीएम' (एचएसव्ही म्हणजे हर्पिसचा विषाणू, त्याचे टाइप १ आणि २; आयजीएम म्हणजे लागणीनंतर आधी तयार होणारी अँटिबॉडी). टॉर्च पॅनेलमधला, गरोदर बायकांच्या तपासणीतला तुकडा. तो टाइप १ आणि २ वेगळे सांगत नाही, जुनी लागण उसळली तरी पॉझिटिव्ह येतो आणि कधी काहीच नसताना येतो. 'आयजीएम म्हणजे ताजी लागण' हे काउंटरवरचं स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत ही तपासणी वापरू नका असंच सांगितलंय. (आणि 'नागीण' म्हणून मागू नका, कमरेवरची नागीण वेगळ्या विषाणूची.)

मागायचीच तर टाइप-स्पेसिफिक आयजीजी (मागाहून तयार होऊन टिकून राहणारी अँटिबॉडी), टाइप १ आणि २ वेगवेगळी. टाइप १ पॉझिटिव्ह आली म्हणून हादरू नका. तापानंतर ओठावर फोड येतात ते बहुधा याचेच, लागण अनेकदा लहानपणीची, आणि ती शरीरात कुठे आहे हे रक्त सांगत नाही. टाइप २ मध्ये 'पॉझिटिव्ह' हा शब्द सोडा, आकडा बघा. बऱ्याच किटमध्ये १.१ च्या वर पॉझिटिव्ह धरतात, पण ३ च्या आतले कितीतरी पॉझिटिव्ह खोटे निघतात. तसा आकडा आला तर दुसऱ्या पद्धतीने फेरतपासणी हवी. त्याच किटवर पुन्हा रक्त देऊन तीच चूक पुन्हा छापून मिळेल. आणि वेळ: अँटिबॉडी तयार व्हायला १२ आठवडेही लागतात. संबंधानंतर दहाव्या दिवशीचा निगेटिव्ह म्हणजे कोरा कागदच.

फोड किंवा जखम असेल तर रक्ताच्या नादी लागूच नका. स्वॅबची पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) करा, शक्यतो पहिल्या ४८ तासांत. फोड फोडून त्याच्या तळावर स्वॅब घासायचा असतो. नुसतं वरचं पाणी टिपलं किंवा खपली धरल्यावर घेतला तर विषाणू निसटण्याची शक्यता वाढते. दांडी लाकडी नको, स्वॅब व्हायरल ट्रान्सपोर्ट मीडियममध्ये (विषाणू टिकवणाऱ्या द्रवात) आणि थंड ठेवलेला हवा. नमुना पुण्या-मुंबईला जाणार असेल तर 'बर्फात जातो का' हे आधी विचारा.

फोडच नाही, नुसती आग, खाज, लाली? मग हर्पिसपेक्षा खरूज, बुरशी (साखर तपासा), डेटॉलने धुणं, नाहीतर गोळीची रिअॅक्शन बघा. जुलाबाची किंवा दुखण्याची गोळी घेतली की दर वेळी त्याच जागी काळपट-लाल चट्टा उठत असेल, तर तो औषधाचा. न दुखणारी जखम असेल तर व्हीडीआरएल, टीपीएचए (दोन्ही सिफिलिसच्या तपासण्या) आणि एचआयव्ही आधी.

दसरा चौकाजवळच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाची त्वचा-गुप्तरोग ओपीडी यासाठी बरी. रांग लागते, पण जखम डोळ्यांनी बघून तपासणी ठरते, पॅकेज बघून नाही. जाण्याआधी कसलंही मलम लावू नका. मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइडचं 'थ्री-इन-वन' (स्टेरॉइड, बुरशीचं आणि जंतूंचं औषध एकत्र असलेलं मलम) आधीच लावलं असेल तर ती ट्यूब खिशात घालून न्या.