डिजिटल कम्युनिकेशनमध्ये मास्टर्स: पवई की म्युनिक?

पैशापासूनच सुरुवात करू, घरी पहिला प्रश्न तोच येतो. आयआयटी मुंबईत गेट या प्रवेश परीक्षेच्या जोरावर एम.टेक.ला टीचिंग असिस्टंटशिप (शिकवण्यात मदत करण्याचं काम) मिळाली, तर महिन्याला १२,४०० रुपये हातात पडतात. चैन होत नाही, पण घरी हात पसरावा लागत नाही. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात उलटं. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे तिथे जुनं झालं: २०२४-२५च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या नव्या मास्टर्स विद्यार्थ्यांना सत्राला ४,००० ते ६,००० युरो मोजावे लागतात. शिवाय ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी राहण्या-खाण्याचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) आणि एपीएस प्रमाणपत्र (आपली कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) यांची धावपळ वेगळीच.

अभ्यासाचा गाभा मात्र एकच. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४८मध्ये गोंगाटातूनही बिनचूक निरोप जास्तीत जास्त किती वेगाने पाठवता येतो, ती मर्यादा गणिताने दाखवली. त्या मर्यादेच्या जवळ जायचं कसं, हाच सगळा खटाटोप. निरोपातल्या चुका दुरुस्त करणारे कोड त्यासाठीच असतात; फाइव्ह-जीत डेटासाठी एलडीपीसी कोड आणि कंट्रोल चॅनेलसाठी (नेटवर्कच्या सूचना नेणाऱ्या मार्गासाठी) पोलर कोड का, हे दोन्हीकडे शिकाल. प्रोबॅबिलिटी कच्ची असेल, तर दोन्हीकडे दमछाक ठरलेली.

म्युनिकचं पारडं जड होतं ते कंपन्यांमुळे. मोजमापाची उपकरणं बनवणारी रोडे अँड श्वार्ट्झ शहरातच, चिप बनवणारी इन्फिनियन शेजारी. शिकता शिकता अर्धवेळ काम शोधता येतं. तरीही गेटची रँक चांगली असेल, तर निव्वळ पदवीसाठी कर्ज काढणं मला पटत नाही. युरोपातच नोकरी करायची असेल, तर गोष्ट वेगळी. मग जर्मन आजपासूनच शिकायला घ्या.