घराच्या संरक्षणासाठी शॉटगन, पिस्तूल की कार्बाइन? आणि आत काडतूस कोणतं?

घरासाठी बंदूक घ्यायची म्हटलं की बहुतेक जण पहिला प्रश्न ताकदीचा विचारतात: समोरचा माणूस हमखास थांबेल असं काय घेऊ? मी आधी भिंतीचं विचारतो. मुलं कुठल्या खोलीत झोपतात, त्यांच्या आणि मुख्य दाराच्या मध्ये काय आहे, शेजारचं घर कुठल्या बाजूला आहे? आडभिंती जिप्सम बोर्डच्या किंवा प्लायवूडच्या असतील तर एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की धरा. हल्लेखोराला थांबवू शकणारी जवळपास प्रत्येक गोळी त्या भिंतीतून पलीकडे जाते, मग ती पिस्तुलाची असो, रायफलची असो की शॉटगनचे मोठे छर्रे असोत. भरीव विटांची भिंत पिस्तुलाची गोळी साधारणपणे अडवते, पण त्याच घराची दारं आणि खिडक्या अडवत नाहीत. त्यामुळे कुठली बंदूक जास्त जोरदार यापेक्षा कुठल्या बंदुकीने तुमची गोळी ठरल्या जागी लागेल, हे पाहून निवड करायला हवी. चुकलेली गोळी सर्वात धोकादायक, आणि ती कुठल्याही बोअरची (नळीच्या आतल्या मापाची) असू शकते.

आधी चौथा पर्याय

तिघींची तुलना करण्याआधी बंदूक न घेण्याचा पर्यायही तितक्याच गांभीर्याने तोलावा. कॅलिफोर्नियातल्या २ कोटी ६० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासणारा एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्या होण्याचं प्रमाण पिस्तूल नसलेल्यांच्या जवळपास आठपट निघालं आणि स्त्रियांमध्ये ३५ पट. घरात कुणी नैराश्यातून जात असेल, दारूचा प्रश्न असेल, भांडणं हातघाईवर येत असतील किंवा पोरवयातलं कुणी फार अस्वस्थ असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: बंदूक घेऊ नका. असलेली घराबाहेर सुरक्षित जागी ठेवा. चांगली कडी, भक्कम चौकट, बाहेरचा दिवा आणि आतून बंद होणारी एक मजबूत खोली यांनी घर बरंच सुरक्षित होतं, आणि यातली एकही गोष्ट घरच्या माणसावर उलटत नाही.

यानंतरही घ्यायचं ठरलं असेल तर पुढे वाचा. तुमच्याकडचा कायदा काय ठेवू देतो, काडतुसांचा कुठला प्रकार चालतो आणि शस्त्र कसं कुलूपबंद ठेवायला सांगतो, हे मात्र आधी बघून घ्या. काही ठिकाणी निम्मी निवड कायद्यानेच झालेली असते.

शॉटगन

बारा बोअरच्या बंदुकीचा दरारा खरा आहे. डबल-ऑट बकशॉटच्या, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांच्या, नेहमीच्या काडतुसात साधारण ९ छर्रे असतात. प्रत्येक ८.४ मिलिमीटर जाडीचा आणि साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाचा. म्हणजे एकदा चाप ओढला की तीस ग्रॅमच्या वर शिसं सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास वेगाने निघतं. घरातल्या अंतरावर यापेक्षा जास्त परिणाम करणारं सहजी काही मिळत नाही.

पण याच बंदुकीबद्दल सर्वात जास्त गैरसमजही आहेत. पहिला म्हणजे, छर्रे पसरतात म्हणून नेम धरायची गरज नाही. साध्या, चोक (तोंडाशी नळी अरुंद करणारा भाग) नसलेल्या नळीतून छर्रे दर मीटरला ढोबळमानाने अडीच सेंटीमीटर पसरतात. पाच मीटरच्या खोलीत तो पसारा तळहाताएवढा होतो, आणि छर्रे एकत्र धरून ठेवणाऱ्या आधुनिक वॅडच्या (छर्ऱ्यांभोवतीच्या प्लास्टिकच्या वाटीच्या) काडतुसांत त्याहूनही कमी. त्यामुळे नेम धरावाच लागतो. दुसरा गैरसमज म्हणजे पंप (नवं काडतूस चढवायला नळीखाली मागे-पुढे ओढायची मूठ) ओढल्याच्या आवाजानेच चोर पळून जातो. पळेलही. नाही पळाला तर तुम्ही कुठे उभे आहात हे मात्र त्याला कळलं.

धक्का हा शॉटगनचा मोठा दोष. सडपातळ बांध्याच्या माणसाला पूर्ण ताकदीची बारा बोअर सरावात लवकर नकोशी होते, आणि सराव थांबला की बंदूक निरुपयोगी. वीस बोअर (इथे आकडा मोठा तशी नळी बारीक) हा त्यावरचा चांगला उतारा आहे. पंप-ॲक्शनची अडचण वेगळी. वर्षानुवर्षं शिकार केलेले लोक मी सरावाच्या मैदानावर पाहिले आहेत. निवांत उभं राहून त्यांचा हात सफाईने चालतो. पण घड्याळ लावलं, आडोशाआडून वाकून झाडायला सांगितलं, की पहिलं काडतूस झाडल्यावर पंप पुरता मागे जात नाही. रिकामं टरफल बाहेर पडत नाही किंवा नवं काडतूस वर येत नाही, चाप ओढला तर नुसतंच ‘खट्’ होतं. हात घाईत अर्ध्यावरून परत फिरतो. हा बंदुकीचा बिघाड नाही, आणि तो फक्त सरावाने जातो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पुढचं काडतूस आपोआप चढतं, त्यामुळे हा प्रकार टळतो, धक्काही कमी बसतो, पण सौम्य काडतुसांवर तिची यंत्रणा अडखळू शकते. मग जे काडतूस ठेवायचं तेच तिच्यातून पुरेसं झाडून पाहावं लागतं.

शिवाय ४६ ते ५० सेंटीमीटरची नळी आणि त्याला दस्ता धरला तर बंदूक जवळपास मीटरभर लांब होते. अरुंद बोळातून किंवा दारातून वळताना नळीचं तोंड तुमच्या आधी पुढे जातं.

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर

पिस्तुलाच्या बाजूने एकच मुद्दा आहे, पण तो फार मोठा आहे: दुसरा हात मोकळा राहतो. रडणारं मूल उचलायचं, दाराची कडी लावायची, फोन कानाला धरायचा, हे लांब बंदूक घेऊन जमत नाही. पलंगाजवळच्या छोट्या कुलूपपेटीत मावतं, हेही त्याचं बळ.

आता उणी बाजू. तिघांत नेमाला सर्वात कठीण पिस्तूलच. खांद्याचा टेकू नाही, नळी आखूड, आणि घाबरलेल्या हाताने चाप झटक्यात ओढला की गोळी खाली जाते. म्हणून घरात ठेवायला लपवून बाळगायचं चिमुकलं पिस्तूल घेऊ नका. पूर्ण आकाराचं घ्या. वजनामुळे धक्का कमी जाणवतो, मूठ पुरती भरते आणि नेम स्थिर राहतो. नऊ मिलिमीटर हा बोअर मी बहुतेकांना सुचवतो. सरावाची काडतुसं सहज मिळतात, धक्का आटोक्यात असतो आणि मॅगझिनमध्ये साधारण पंधरा-सतरा राउंड बसतात.

ज्यांच्या बोटांत जोर नाही त्यांना पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढणं जड जातं म्हणून रिव्हॉल्व्हर सुचवलं जातं. त्यात अर्धंच तथ्य आहे. स्लाइडची कटकट जाते, पण डबल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरचा (एकाच ओढीत घोडा चढवून सोडणाऱ्याचा) चाप ओढायला साधारण पाच किलोचा जोर लागतो, आणि अशक्त बोटाने तो ओढताना सगळं हत्यार हलतं. दुकानात किंवा मैदानावर दोन्ही हातात घेऊन पाहिल्याशिवाय ठरवू नका. रिव्हॉल्व्हर घेतलंच तर .३५७ मॅग्नमच्या हत्यारात कमी जोराची .३८ स्पेशलची काडतुसं घाला. ती त्यात चालतात, उलटं मात्र चालत नाही. आखूड नळीतून मॅग्नम बंद खोलीत झाडलं तर झगमगाट आणि आवाज दोन्ही असह्य होतात.

कार्बाइन

.२२३ किंवा ५.५६ मिलिमीटरची सेमी-ऑटो कार्बाइन, म्हणजे आखूड, हलकी रायफल, जिथे कायद्याला मान्य आहे, तिथे नवख्या माणसाला नेमासाठी सर्वात सोपी तीच. खांद्याला टेकते, धक्का नावापुरता, वर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी दुर्बीण) बसवला की दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो.

‘रायफलची गोळी म्हणजे चार घरं पार’ ही भीती इथे थोडी तपासून घ्यावी लागते. या बोअरची साडेतीन-पावणेचार ग्रॅमची हलकी गोळी सेकंदाला नऊशे मीटरहून जास्त वेगाने जाते. बोर्डला धडकली की ती कोलांट्या खाते, फुटते, आणि तिचा जोर लवकर ओसरतो. हलकी, फुटणारी गोळी वापरली तर बोर्डच्या ओळीने उभ्या केलेल्या भिंतींत ती नऊ मिलिमीटरच्या आणि बकशॉटच्या आधी दम तोडते, असं चाचण्यांत वारंवार दिसलं आहे. पण याचा अर्थ ती पहिल्या भिंतीत थांबते असा मुळीच नाही. आणि पोलादी गाभ्याची किंवा एकसंध राहणारी जड गोळी घातली तर हा फायदाच संपतो.

आवाज हा तिचा खरा दोष. १४० डेसिबलच्या वरचा एकच दणका कानाला कायमची इजा करू शकतो, आणि तिन्ही प्रकारच्या बंदुका ती पातळी ओलांडतात. आखूड नळीची कार्बाइन बंद खोलीत सर्वात क्रूर वाटते. पेटीत बंदुकीशेजारी इलेक्ट्रॉनिक इअरमफ ठेवा. मोठा आवाज ते दाबतात आणि पावलांची चाहूल उलट जास्त स्पष्ट ऐकवतात. नऊ मिलिमीटरची कार्बाइन हा मधला मार्ग आहे: आवाज कमी, नेम सोपा, परिणाम मात्र पिस्तुलाएवढाच.

काडतूस: खरी निवड इथे होते

११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन एजंट मारले गेले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच नऊ मिलिमीटरची गोळी लागली होती. ती दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली. तो त्यानंतरही लढत राहिला. त्या धक्क्यातून एफबीआयने काडतुसांची चाचणी नव्याने बांधली. शरीराच्या मांसासारख्या जिलेटिनच्या ठोकळ्यात, मध्ये जाड कपडे, जिप्सम बोर्ड, प्लायवूड, पत्रा किंवा गाडीची काच ठेवून गोळी झाडायची, आणि ती सुमारे ३० ते ४६ सेंटीमीटर आत जायला हवी. त्याहून कमी गेली तर आतल्या महत्त्वाच्या अवयवांपर्यंत पोचेल याची खात्री नाही, जास्त गेली तर पलीकडच्याला धोका. आजही हाच मापदंड सर्वात उपयोगी आहे. एफबीआय मध्यंतरी १० मिलिमीटर आणि मग .४० बोअरकडे गेली, आणि २०१० च्या दशकात पुन्हा नऊ मिलिमीटरवर आली, कारण गोळ्याच सुधारल्या होत्या. बोअरवरून वाद घालणाऱ्यांनी एवढा इतिहास जरूर लक्षात घ्यावा.

पिस्तुलासाठी म्हणून हॉलो पॉइंट. तिचं पोकळ टोक शरीरात फुलतं, गोळी रुंद होते आणि वेग मरतो. पूर्ण आवरणाची गोळी, जिला सगळे बॉल म्हणतात, फुलत नाही आणि जिलेटिनमध्ये साठ सेंटीमीटरच्याही पुढे जाते. ती सरावासाठी ठेवा. १८९९ च्या हेग घोषणेने युद्धात फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली, म्हणून त्या जास्त अमानुष आहेत असं काहींना वाटतं. घरात मात्र आरपार जाऊन पाळण्यापर्यंत पोचणारी गोळी जास्त वाईट. एक मर्यादा सांगितलीच पाहिजे: बोर्डचा किंवा जाड कापडाचा चुरा त्या पोकळीत भरला तर हॉलो पॉइंट फुलत नाही आणि बॉलसारखीच वागते. म्हणजे भिंतीतून आधी गेलेली गोळी पलीकडे थांबेल यावर विसंबू नका. ८ ते ९.५ ग्रॅम वजनाच्या, वरच्या मापदंडात बसलेल्या गोळ्यांपैकी तुमच्या पिस्तुलात न अडकणारी निवडा.

शॉटगनमध्ये ‘भिंतीला धोका नको’ म्हणून पक्ष्यांसाठीचे बारीक छर्रे भरायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. ते छर्रे भिंतीतून कमी जातात हे खरं, पण त्याच कारणाने जाड जॅकेट घातलेल्या माणसातही खोल जात नाहीत. मी कमी धक्क्याचं, छर्रे एकत्र ठेवणारं आठ किंवा नऊ छर्ऱ्यांचं डबल-ऑट निवडेन, कारण सगळे छर्रे लक्ष्यावरच लागले तर भिंतीकडे जायला उरत नाहीत. क्रमांक चार बकशॉटमध्ये ६.१ मिलिमीटरचे सुमारे २७ छर्रे येतात, पण त्यांची खोली काठावरची पडते. स्लग, म्हणजे छर्ऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी, घरात नकोच.

दोन चुका जीवघेण्या आहेत. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे घसरून अडकतं, मागे बारा बोअरचं बसतं, आणि ते झाडलं की नळी फुटते. वीस बोअरची काडतुसं म्हणूनच पिवळी असतात. दोन्ही बोअर घरात असतील तर दोन वेगळे डबे ठेवा. दुसरी, .२२३ लिहिलेल्या नळीत ५.५६ ची काडतुसं. ती बसतात, पण दाब धोक्याच्या पातळीला जाऊ शकतो. नळीवरचा ठसा वाचा.

कुणी काय घ्यावं

लहान मुलं वेगळ्या खोलीत झोपतात आणि त्यांच्यापर्यंत तुम्हालाच जावं लागणार: पूर्ण आकाराचं नऊ मिलिमीटर पिस्तूल, झटपट उघडणाऱ्या पण पक्क्या पेटीत. सगळं कुटुंब एका खोलीत गोळा होऊन दार लावून थांबू शकतं आणि कायदा परवानगी देतो: कार्बाइन. कायदा फक्त शॉटगन देतो किंवा ती हाताला आधीपासून सरावलेली आहे: तीच, बारा बोअर झेपत नसेल तर वीस. तिघींवरही बंदुकीला जोडलेला दिवा हवा, आणि खोली न्याहाळायला वेगळा हातातला टॉर्च. बंदुकीवरचा दिवा ज्याच्यावर पडतो त्याच्यावर नळीही रोखलेली असते, आणि अंधारात येणारा तुमचा मुलगाही असू शकतो.

जे घ्याल त्यातून ठरवलेल्याच काडतुसांच्या निदान चार-पाच मॅगझिन न अडखळता गेल्याशिवाय ती पेटीत ठेवू नका. रोज भरताना-काढताना एकच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खोबणीत) घातलं तर गोळी टरफलात मागे दबते आणि दाब वाढतो. अधूनमधून ते नव्या काडतुसाशेजारी उभं करून पाहा. जराही बुटकं दिसलं तर ते झाडूही नका, बाजूला काढा.