एएआयबीचे अपघात अहवाल : गोंदिया जिल्ह्यातील एका वाचनालयातून परीक्षण

अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे १७१ क्रमांकाचे विमान १२ जून २०२५ रोजी कोसळले आणि विमानातील २४१ व जमिनीवरील १९ जण प्राणांस मुकले. त्यांना श्रद्धांजली वाहताना आमच्या गावच्या वाचनालयाने या दुर्घटनेच्या प्राथमिक अहवालाचे जाहीर वाचन ठेवले होते. विमान अपघात तपास विभाग, म्हणजेच एएआयबी, अहवाल प्रसिद्ध करून जी सेवा देतो, तिचे हे परीक्षण त्या वाचनातून सुचले. बिरसीच्या धावपट्टीवरून उडणारी प्रशिक्षणाची विमाने आमच्या धानाच्या बांध्यांवरून जात असतात, त्यामुळे हा विषय येथे परका नाही.

अहवाल संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो आणि १५ पानांचाच असल्याने झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणता येतो. त्याची खरी ताकद सेकंदासेकंदाच्या नोंदीत आहे. दुपारी १ वाजून ३८ मिनिटे ४२ सेकंदांच्या सुमारास विमानाने १८० नॉटचा (ताशी सुमारे ३३३ किलोमीटर) वेग गाठला आणि लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन खटके एका सेकंदाच्या अंतराने ‘रन’वरून (चालू) ‘कटऑफ’वर (बंद) गेले. दहा सेकंदांनी पहिला आणि त्यानंतर चार सेकंदांनी दुसरा खटका पुन्हा ‘रन’वर आला, पण १ वाजून ३९ मिनिटे ११ सेकंदांना नोंदच थांबली. एवढे वाचून होताच सभागृहातील कुजबुज थांबली.

हा खटका वर उचलून मगच सरकवावा लागतो; मोटारपंपाच्या स्टार्टरसारखे धक्का लागून दबणारे ते बटण नव्हे. मग तो सरकला कसा, या एका शेतकऱ्याच्या प्रश्नाला अहवालात उत्तर नाही, आणि तपास पूर्ण झालेला नसताना ते न देणे हाच प्रामाणिकपणा आहे. मात्र २०१८ मध्ये अमेरिकी विमान नियामकाने अशा खटक्यांच्या कुलुपाविषयी सूचना काढली होती, ती केवळ सल्ला म्हणून असल्याने एअर इंडियाने ती तपासणी केली नव्हती, ही नोंद अहवालात आहे. या विमानाच्या खटक्यांबाबत २०२३ पासून दोषाची तक्रार नव्हती, हेही त्यात म्हटले आहे. तरीही सुरक्षेची सूचना ऐच्छिक का असावी, हा प्रश्न मला या अहवालातील सर्वांत मोलाचा वाटतो.

वैमानिकांचा संवाद मात्र अर्धवट दिला आहे. इंधन का बंद केले, असे एकाने विचारले व आपण केले नाही, असे दुसऱ्याने सांगितले, एवढेच त्यात आहे. कोण काय बोलले ते नाही. या दोन वाक्यांवरून वाहिन्यांनी गुन्हेगार ठरवून टाकला. दोष ठरवणे हा अशा तपासाचा हेतूच नसल्याने हा उतारा संपूर्ण तरी द्यायला हवा होता किंवा अंतिम अहवालापर्यंत राखून ठेवायला हवा होता.

जुने अहवाल शेजारी ठेवून वाचल्यास या सेवेची किंमत कळते. २२ मे २०१० रोजी मंगळुरूला उतरणाऱ्या विमानाच्या अपघातात १५८ जण गेले. सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा उड्डाण घेण्यास सांगूनही ते ऐकले गेले नव्हते. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला २१ जण गेले आणि तेथेही पुन्हा उड्डाण घेण्याची हाक दुर्लक्षिली गेल्याचे एएआयबीने नोंदवले. दोन्ही धावपट्ट्या पठाराच्या माथ्यावरच्या होत्या, म्हणजे दहा वर्षांनी तीच चूक तशाच जागी पुन्हा घडली. याउलट १९९६ मध्ये हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांच्या टकरीत ३४९ जणांचा बळी गेल्यानंतर विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा भारताने सक्तीची केली. शिफारशी कागदावर राहिल्या की अमलात आल्या, हे प्रत्येक अहवालासोबत वेळोवेळी प्रसिद्ध झाले, तर मृतांच्या नातलगांना दरवेळी नव्याने विचारत बसावे लागणार नाही.

इंग्रजी मजकूर व संक्षेपांची गर्दी ही मोठी अडचण आहे. वाचन ठेवू इच्छिणाऱ्या वाचनालयांनी अहमदाबादच्या अहवालापासून सुरुवात करावी, वेळ भारतीय वेळेत बदलून घ्यावी आणि विमानशास्त्र जाणणारी एक व्यक्ती सोबत बसवावी.