मोरूमामांचा फळा आणि नारळीकरांच्या गोष्टी

शाळेच्या ग्रंथालयात ‘यक्षांची देणगी’ हाती पडली तेव्हापासून मी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांचा निस्सीम वाचक आहे. त्यामुळे ‘चार नगरांतले माझे विश्व’ (मौज प्रकाशन, २०१२) हे त्यांचे आत्मचरित्र उघडताना माझा हेतू सरळसरळ स्वार्थी होता: या माणसाला गोष्टी सुचतात कशा, ते मला हवे होते. एरवी पुरवून पुरवून वाचणारा मी या पुस्तकासाठी रात्र जागलो.

चार नगरे म्हणजे वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. त्यांतली वाराणसी मला सर्वाधिक भावली. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आणि घरच्या भिंतीवर चक्क फळा. शिकण्यासाठी येऊन राहिलेले मोरूमामा त्यावर भाच्याला आव्हान म्हणून एखादे गणिती कोडे लिहून ठेवत, आणि ते सुटेपर्यंत तो मजकूर तसाच राहत असे. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. कारण नारळीकरांच्या कथेची घडणही अशीच असते, कोडे आधी वाचकाच्या डोळ्यांसमोर मांडायचे आणि उत्तराची घाई करायची नाही.

कथालेखनाच्या आरंभाची हकिकत तर एखाद्या कथेलाच शोभावी अशी आहे. अहमदाबादच्या एका परिषदेत कंटाळवाणे भाषण चालू असताना त्यांनी लिहायला घेतलेली ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने दाखल झाली (आद्याक्षरे उलटी वाचून पाहावीत: जयंत विष्णु नारळीकर), अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात गेली आणि पहिली आली. पद्मभूषण मिळून तेव्हा नऊ वर्षे झाली होती, तरीही नावाच्या वजनाचा आधार त्यांना नको होता.

केंब्रिजमधील त्यांचे मार्गदर्शक फ्रेड हॉइल हेही विज्ञानकादंबऱ्या लिहीत, हे लक्षात ठेवून तो भाग वाचावा. विश्वाचा आरंभ महास्फोटातून झाला हा सिद्धांत जवळपास सर्वमान्य झाल्यावरही त्याविषयीच्या शंका न सोडणारा शास्त्रज्ञ तिथे घडताना दिसतो.

तक्रार एकच, पण ती चाहत्याची आहे. पुण्याच्या भागात ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या उभारणीचा तपशील इतकी जागा घेतो की माझा कथाकार मागे पडतो, आणि स्वतःच्या मनातली खळबळ सांगताना ते फारच हात आखडता घेतात. २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या पुस्तकाबद्दल हे लिहिणे धाडसाचे आहे, तरी मला तसे वाटले.

मे २०२५ मध्ये नारळीकर गेले, त्या संध्याकाळी मी हे पुस्तक पुन्हा कपाटातून काढले आणि थेट फळ्याचे पान उघडले.