खानापूर तालुक्यात इन्व्हर्टर: एक पावसाळा आणि एक दहावी काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर इन्व्हर्टर घेतला. गणपती झाले, दिवाळी झाली, पोराची दहावीची परीक्षाही पार पडली. एवढे महिने वापरल्यावर लिहायला हरकत नाही. दुकानात सगळे बॅटरी किती मोठी यावर बोलतात. घरात मात्र वाद होतो तो कुठला पॉइंट इन्व्हर्टरवर घ्यायचा यावरून.

आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहतो. जुलैत एकदा झाड तारेवर पडलं की लाईट कधी येईल ते लाईनमनलाही सांगता येत नाही. भर पावसात, रानातून लाईन शोधत जायचं म्हणजे सोपं काम नाही, त्याला कशाला बोल लावा.

आमचा इन्व्हर्टर 900 व्हीएचा (एका वेळी किती भार पेलेल त्याचा हा आकडा), प्युअर साइन वेव्ह. बॅटरी 150 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती साठा मावतो ते) ट्यूब्युलर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण खाली लिहिलंय ते कुठल्याही कंपनीच्या इन्व्हर्टरला लागू आहे.

बसवायच्या दिवशी हे आणि इलेक्ट्रिशियन दोघे हॉलमध्ये उभे राहिले आणि यादी ठरली: टीव्ही, हॉलचा पंखा, दोन खोल्यांतले दिवे-पंखे, राउटर. स्वयंपाकघर यादीतच नाही! का, तर तिथं मिक्सर आहे, चुकून चालू केला तर ट्रिप होईल. अहो, मिक्सरचं सॉकेट वेगळं आणि दिव्याचा पॉइंट वेगळा, हे मला कळतं आणि वायरिंग करणाऱ्याला कळत नाही? पहिल्याच पावसात हॉलमध्ये बातम्या चालू आणि मी टॉर्चच्या उजेडात भाकऱ्या थापतेय. आमचं कौलारू घर, दिवसा काचेच्या कौलातून उजेड पडतो, पण पावसाळ्यात पाचलाच अंधारून येतं. मग इलेक्ट्रिशियनला परत बोलावलं, पट्टी मारून वायर ओढून घेतली. तुम्ही घेणार असाल तर पॉइंटची यादी घरात सगळ्यांत आधी उठणाऱ्या माणसाला करू द्या.

सोप्यावरचा एक बल्ब मात्र मामांनी मुद्दाम इन्व्हर्टरच्या बाहेर ठेवायला लावला. मामा म्हणजे माझे सासरे. विहिरीची मोटार इन्व्हर्टरवर चालत नाही, मग लाईट आली की लगेच टाकी भरून घ्यायला हवी. सगळं घर उजळलेलं असलं तर लाईट आलीय की नाही हे कळणार कसं? तो बल्ब पेटला की मामा मोटारीकडे जातात. ही युक्ती कुठल्या माहितीपत्रकात नाही.

बॅटरी देवघराच्या कोपऱ्यात ठेवायचं आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, मनात होतं, तिथं जागा रिकामी होती. इलेक्ट्रिशियनने तेवढं मात्र नीट सांगितलं: चार्ज होताना ह्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, जवळ निरांजन नको आणि बंद कपाटही नको. आता ट्रॉली पडवीच्या खिडकीखाली आहे.

आता हिशोब. 12 व्होल्ट गुणिले 150 म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. पण अशी बॅटरी पार रिकामी करू नये, शिवाय इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो. हाताशी 1200 धरून चाला. साधा पंखा 75 वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी नावाचा कमी वीज खाणारा पंखा तीसेक वॅट. दोन साधे पंखे, नऊ-नऊ वॅटचे चार दिवे आणि राउटर मिळून 200 वॅट होतात, म्हणजे सहा तास. पंखे तेवढे बदलले तर तीच बॅटरी अकरा तास जाते. मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला, हे मी आता पाहुण्यांतही सगळ्यांना सांगत सुटलेय.

इन्व्हर्टरच्या मागे एक बारकं बटण असतं, यूपीएस आणि नॉर्मल. पोराने ते यूपीएसवर ठेवलं, लाईट गेल्यावर राउटर बंद-चालू होऊ नये म्हणून. पण यूपीएसवर व्होल्टेज साधारण 180 च्या खाली गेलं की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतंच. त्यामुळे लाईट असतानाच बॅटरी संपायची आणि रात्री खरंच लाईट गेली की इन्व्हर्टर ओरडायला लागायचा. नॉर्मलवर तो बऱ्याच कमी व्होल्टेजपर्यंत बॅटरीला हात लावत नाही. शेवटी बटण नॉर्मलवर केलं आणि राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा घेतला. तरी मोठ्या पावसात काही तासांनी नेट जातंच, कारण तिकडे नेटवाल्याच्या मशीनला लाईट नसते. आमचे दिवे सगळे हिरवे आणि नेट शून्य. त्या दिवसांत पोराचा अभ्यास चांगला झाला, हे त्याच्यासमोर बोलायचं नाही.

बिलाचं कोणी सांगत नाही. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेत, 2022-23 च्या वापराची सरासरी आणि तिच्यावर थोडी भर एवढंच फुकट. इन्व्हर्टर नुसता लावून ठेवला तरी थोडा करंट ओढत राहतो, आणि पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला दोन युनिटच्या वर लागतात. आमचं बिल पोरगं कन्नडातून वाचून दाखवतं. पावसाळ्यात त्याने आकडा वाचला तेव्हा मामांनी चष्मा लावून पुन्हा वाचायला लावला. पंखे बदलल्यावर ते पुष्कळ आटोक्यात आलं.

देखभाल फार नाही. बॅटरीतल्या पाण्याची पातळी दाखवणारे तरंगणारे दांडे खाली गेले की डिस्टिल्ड वॉटर घालायचं. फिल्टरचं किंवा विहिरीचं पाणी नको, त्यातले क्षार प्लेटांना मारतात. टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावायची, नाहीतर पावसाळ्यात पांढरी बुरशीगत पूड धरते.

आत्यांची तक्रार अजून आहे. "पूर्वी लाईट गेली की सगळी सोप्यावर येऊन बसायची, आता कोण कुठं हाय कळंना झालंय." खरं आहे. पण सोप्यावर बसणाऱ्यांत मी कधी नव्हते, मी आत चुलीपाशी चिमणी घेऊन असायची. त्यामुळे ह्या बाबतीत माझं मत इन्व्हर्टरलाच.

फ्रिज चालेल का, असं सगळे विचारतात. आम्ही लावलेला नाही. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, 900 व्हीएवर ते नको. दार उघडलं नाही तर चारेक तास गारवा टिकतो. त्याच्या पुढे लाईट आली नाही, तर दूध तापवून विरजण लावून टाकायचं.