दोन नोकऱ्यांचा टॅक्स कोड आणि एचएमआरसीचे ॲप

इंग्लंडमध्ये दोन अर्धवेळ नोकऱ्या करताना टॅक्स कोड (पगारातून किती कर कापायचा हे मालकाला सांगणारा संकेतांक) तपासण्यासाठी मी एचएमआरसी या ब्रिटनच्या कर खात्याचे मोफत ॲप वापरले, आणि अशा स्थितीतील प्रत्येकाने ते वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. माझे पहिल्या नोकरीचे वार्षिक वेतन ९,००० पौंड आणि दुसरीचे ६,००० पौंड आहे. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त असते. परंतु १२५७एल या कोडद्वारे ही सवलत सहसा एकाच नोकरीला मिळते आणि दुसरीला बीआर कोड लागून तिच्या प्रत्येक पौंडावर २० टक्के कर कापला जातो. परिणामी माझी ३,५७० पौंडांची सवलत वापराविना राहून वर्षभरात ७१४ पौंड जादा कापले जाणार होते. कमी वेतनात घर चालवणाऱ्यासाठी ही रक्कम लहान नाही.

ॲपमध्ये प्रत्येक नोकरीचा कोड आणि अंदाजित उत्पन्न सुटसुटीतपणे दिसते व अंदाज चुकला असल्यास तो दुरुस्तही करता येतो. उरलेली सवलत दुसऱ्या नोकरीला जोडून द्यावी, अशी विनंती मात्र आपणच एचएमआरसीकडे करावी लागते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. नव्या मालकाने दिलेल्या स्टार्टर चेकलिस्टवर, म्हणजे नोकरी सुरू करताना टॅक्स कोड ठरवण्यासाठी भरायच्या फॉर्मवर, दुसरी नोकरी चालू असल्यास, ‘सी’ हेच विधान निवडावे. अन्यथा दोन्हीकडे सवलत लागू होऊन पुढे थकीत कर भरण्याची वेळ येऊ शकते.